पाणी मिठाच्या मागे जातं

सकाळी ७:४५

प्रयोगशाळेत आल्यावर आधी वजनकाटा पुसायचा आणि तो समतल आहे का ते बघायचं. वाशीम जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. एप्रिल संपत आलाय, ऊन सकाळीच डोक्यावर येतं. आजचं पहिलं काम आहे मीठ मोजण्याचं.

९० ग्रॅम सोडियम क्लोराइड, १३.६५ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट आणि २.४३ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट. हे सगळं डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एक लिटर करायचं. मिठाच्या दहा टक्के द्रावणाच्या तोडीचं हे मूळ द्रावण झालं. त्यातलं ३.६ मिलिलिटर घेऊन १०० मिलिलिटरपर्यंत पातळ केलं की ०.३६ टक्क्यांचं द्रावण मिळतं. दिवसभरातल्या एका महत्त्वाच्या तपासणीचा भार या आकड्यावर आहे. मीठ दमट असेल तर ९० ग्रॅममध्ये मिठाबरोबर पाणीही मोजलं जातं आणि द्रावण फिकं पडतं. म्हणून ते आधी ओव्हनमध्ये कोरडं करून घेते. बाटलीचं बूच सैल राहिलं तर आमच्याकडच्या उन्हाळ्यात उलटं होतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि ०.३६ चं ०.४० कधी झालं ते कळतही नाही. त्यामुळे बाटलीवर तारीख लिहिते, बूच घट्ट लावते आणि रोज एका निरोगी माणसाच्या रक्तावर द्रावण तपासून मगच पुढचं काम सुरू करते.

शेजारच्या कपाटात सलाईनच्या बाटल्या आहेत. इकडे गावोगाव ‘सलाईन लावली’ म्हणतात, ती हीच. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे ०.९ टक्के. याला समपरासारी द्रावण म्हणतात, कारण लाल पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूचा जोर त्यात सारखा राहतो. ०.९ आणि ०.३६ या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत लाल पेशीचं बरंच काही ठरतं.

सकाळी ८:३०

ओपीडी सुरू झाली. खिडकीपाशी रांग लागली आहे. त्यात गरोदर बाया आहेत, तापाचे रुग्ण आहेत, आणि सिकलसेल तपासणीसाठी आशाताईंनी आणलेली दोन कुटुंबं आहेत.

रक्त घेताना पहिली काळजी लाल पेशी शाबूत ठेवण्याची. बोटाला स्पिरिट लावलं की ते पूर्ण वाळू द्यायचं. ओल्या बोटातून थेंब घेतला तर पेशी तिथेच फुटतात. सिरिंज, काचेची नळी, स्लाइड यांपैकी कशातही पाण्याचा अंश नको. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचा क्षार घातलेला असतो. ती नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. रक्त कमी पडलं तर तेवढ्या रक्ताला क्षार जास्त होतो, पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, पेशी आक्रसतात आणि अहवालात रक्ताचं प्रमाण खोटं येतं. लहान मुलाची शीर सापडत नाही तेव्हा अर्धी भरलेली नळी चालवून घ्यावी असा मोह होतो. तो टाळायचा, आणि मुलांसाठी असलेली छोटी नळी वापरायची.

नियम एकच आहे. पेशीच्या पडद्यातून पाणी सहज जातं, मीठ तसं जात नाही. म्हणून ज्या बाजूला विरघळलेला क्षार जास्त असेल त्या बाजूला पाणी जातं. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात.

सकाळी ९:१५

आता नेस्ट्रॉफ्ट. गरोदर बाईच्या रक्तात थॅलेसेमियाचा वाहकपणा आहे का, याची ही पहिली चाळणी. स्वस्त आहे, आणि तिला यंत्र लागत नाही. नळीत ०.३६ टक्के द्रावण दोन मिलिलिटर घ्यायचं, रक्त २० मायक्रोलिटर टाकायचं, हलकेच उलटंपालटं करायचं आणि अर्धा तास ठेवायचं. दुसऱ्या नळीत तेवढंच डिस्टिल्ड वॉटर आणि तेवढंच रक्त, तुलनेसाठी.

डिस्टिल्ड वॉटरच्या नळीत काय होतं ते क्षणात दिसतं. रक्त टाकल्यावर आधी गढूळ लाल रंग पसरतो आणि बघता बघता नळी आरपार स्वच्छ होते. रंग लालच असतो, पण गढूळपणा जातो. पेशी फुटल्या, आतलं हिमोग्लोबिन पाण्यात मिसळलं आणि प्रकाश अडवायला काही उरलं नाही.

निरोगी लाल पेशी मध्ये दबलेली, चकतीसारखी असते. व्यास सात ते आठ मायक्रोमीटर. तिच्यात मावणारं द्रव्य साधारण ९० फेमटोलिटर, पण तिचा पडदा त्याहून बऱ्याच जास्त द्रव्याला पुरेल एवढा ऐसपैस असतो. फिक्या द्रावणात पाणी आत शिरलं की चकती फुगून आधी गोल होते. दीडपट किंवा त्याहून थोडी जास्त भरेपर्यंत पडदा सोसतो. पुढे तो ताणला जाऊ शकत नाही, कारण लाल पेशीचा पडदा वाकतो पण फारसा पसरत नाही. मग पेशी फुटते. निरोगी रक्तात ०.५० ते ०.४५ टक्क्यांच्या आसपास फुटायला सुरुवात होते आणि ०.३० च्या जवळपास जवळजवळ सगळ्या पेशी फुटून जातात. ०.३६ मध्ये बहुतेक फुटलेल्या असतात.

थॅलेसेमियाच्या वाहकाची पेशी लहान, पातळ आणि आत हिमोग्लोबिन कमी असलेली. आतला ऐवज थोडा आणि पडदा मोठा, त्यामुळे फुगायला जागा भरपूर. म्हणून ०.३६ मध्येही अशा पुष्कळ पेशी टिकून राहतात. एका वंशागत आजारात याच्या उलट होतं. तिथे पेशी गोल असते, फुगायला जागाच नसते आणि साध्या पेशी मजेत राहतात त्या द्रावणातही ती फुटते. अशक्त दिसणारी पेशी चिवट निघते आणि गुबगुबीत दिसणारी नाजूक ठरते. मायक्रोस्कोपखाली हे पाहायला लागून वर्षं झाली, तरी प्रत्येक वेळी मी थोडी थांबते.

सकाळी ९:४५

अर्धा तास झाला. पांढऱ्या कागदावर आखलेली काळी रेघ नळीच्या मागे धरते. रेघ ठळक दिसली तर पेशी फुटल्या, म्हणजे चाचणी निगेटिव्ह. रेघ धूसर झाली किंवा दिसलीच नाही तर पेशी टिकल्या, म्हणजे पॉझिटिव्ह. आज एका नळीत रेघ दिसत नाही.

ही बाई पाच महिन्यांची गरोदर आहे. चेहरा फिका, नखं फिकी. लोह कमी असलं तरी पेशी लहान आणि पातळ होतात, आणि चाचणी तशीच पॉझिटिव्ह येते. त्यामुळे एवढ्यावरून मी काही सांगत नाही. पुढचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेत एचपीएलसी या पक्क्या तपासणीसाठी जाईल, पतीचीही तपासणी होईल. तिच्या नवऱ्याला वाटलं, काही वाईट निघालं. त्याला जवळ बोलावलं, दोन्ही नळ्या दाखवल्या आणि सांगितलं की या चाचणीचं उत्तर ‘आणखी तपासा’ एवढंच आहे.

साध्या मिठाच्या पाण्यात रक्त टाकून बघण्याची ही रीत जवळजवळ दीडशे वर्षं जुनी आहे. ह्यूगो द व्रीज हा डच शास्त्रज्ञ वनस्पतींच्या पेशी वेगवेगळ्या द्रावणांत आक्रसताना पाहत होता. त्याच्याच देशातल्या हार्टोख याकोब हाम्बुर्गर याने १८८० च्या दशकात तेच प्रयोग लाल पेशींवर केले, आणि कोणत्या द्रावणात पेशी फुटत नाहीत हे मोजून काढलं. आज ज्याला नॉर्मल सलाईन म्हणतो त्याचं मूळ त्या मोजणीत आहे. याकोबुस व्हान्ट हॉफ याने परासरणाच्या दाबाचं गणित मांडलं. १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्याला मिळालं ते या कामासाठीही. पाणी पेशीत इतक्या झपाट्याने कसं शिरतं, हे कोडं मात्र शतकभर राहिलं. अमेरिकेतल्या पीटर अ‍ॅग्रे यांना लाल पेशींच्याच पडद्यात पाण्यासाठीचा वेगळा मार्ग असलेलं प्रथिन सापडलं. त्याचं नाव अ‍ॅक्वापोरिन, आणि त्यासाठी २००३ चं नोबेल. माझ्या टेबलावरची दहा रुपयांची नळीही त्याच पडद्यावर चालते.

सकाळी ११:००

सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी. आशाताईंनी मानोरा तालुक्यातल्या एका गावातून आणलेली मुलगी नववीत आहे. तिचा भाऊ सिकलसेलग्रस्त आहे हे गेल्या पावसाळ्यात कळलं, म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी.

या चाचणीच्या द्रावणात तीन गोष्टी असतात. सॅपोनिन पेशी फोडतं. सोडियम डायथायोनाइट हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेतं. आणि फॉस्फेटचं दाट खारं द्रावण असं असतं की त्यात साधं हिमोग्लोबिन विरघळून राहतं, ऑक्सिजन गेलेलं सिकल हिमोग्लोबिन मात्र विरघळत नाही. ते गढूळ होऊन बसतं. पुन्हा नळीमागे रेघा धरायच्या. सकाळच्या नळीतला गढूळपणा न फुटलेल्या पेशींचा होता, हा गढूळपणा खुद्द हिमोग्लोबिनचा आहे.

रेघा दिसत नाहीत. मुलगी पॉझिटिव्ह आहे. ती वाहक आहे की रुग्ण, हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. इलेक्ट्रोफोरेसिससाठी मी जे करते त्यात परासरणाच्या दोन्ही बाजू एकामागोमाग येतात. आधी तिच्या लाल पेशी ०.९ टक्के सलाईनमध्ये तीनदा धुते, म्हणजे प्लाझ्मा निघून जाईल आणि एकही पेशी फुटणार नाही. मग त्याच पेशींवर डिस्टिल्ड वॉटर घालते, म्हणजे सगळ्या फुटतील आणि आतलं हिमोग्लोबिन मोकळं होईल.

या आजाराचं मूळ इतकं बारीक आहे की ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, एवढाच फरक. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं, आणि व्हर्नन इनग्राम यांनी १९५० च्या दशकात नेमकी जागा शोधली. भारतात १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये तो नोंदवला गेला. विदर्भात तो अनेक समाजांत आहे. ‘अमुक जातीचा आजार’ असं कुणी म्हटलं की मी तिथल्या तिथे थांबवते. मलेरियाच्या प्रदेशांत वाहकांना जगायला मदत झाली म्हणून ही खूण पिढ्यान्‌पिढ्या टिकली. त्यात कुणाचा दोष नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं एक उद्दिष्ट, आणि आजार संपवण्यासाठी २०४७ ही मुदत. त्या सात कोटींमधली एक ही नववीतली मुलगी. ती मला विचारते, “मॅडम, मले बी दुखन का?” मी सांगते, “वाहक असशील तर बहुधा नाही. पक्कं उत्तर आलं की मी स्वतः सांगेन.”

दुपारी १२:३०

तापाच्या रुग्णांच्या स्लाइडी. मलेरिया शोधताना एका काचेवर जाड थेंब आणि पातळ थर असे दोन्ही घेतो. पातळ थर मिथेनॉलने पक्का करतो, म्हणजे पेशी जशाच्या तशा राहतील. जाड थेंबाला मिथेनॉल लागू द्यायचं नाही. तो पाण्यात बुडवला की लाल पेशी फुटतात, हिमोग्लोबिन धुऊन जातं आणि परजीवी असेल तर उघडा पडतो. पेशींचे थरावर थर असलेल्या थेंबातून आरपार बघायची ही सोय पाण्यानेच केली. आज सगळ्या स्लाइडी निगेटिव्ह.

दुपारी २:००

वॉर्डातून बोलावणं आलं. सोळा वर्षांचा मुलगा, सिकलसेलचा माहीत असलेला रुग्ण. पाय आणि पाठ इतकी दुखतेय की त्याला कूस बदलता येत नाही. वडिलांबरोबर हळद शिजवायच्या कामावर गेला होता. दिवसभर कढईची धग, वर ऊन, आणि पाण्याचा कॅन दुपारीच संपला.

रक्त घेता घेता मला त्याच्या शरीरात काय चाललं आहे ते दिसत होतं. घाम गेला, पाणी आलं नाही, रक्तातले क्षार दाट झाले. पाणी मिठाच्या मागे जातं, म्हणून लाल पेशीतलं पाणी बाहेर आलं. पेशी आक्रसली आणि आतलं हिमोग्लोबिन दाटलं. सिकल पेशीचा पडदा आधीच पोटॅशियम गमावत असतो, त्यामागेही पाणी जातं. सिकल हिमोग्लोबिन दाट झालं की ऑक्सिजन गेल्यावर त्याच्या काड्या बनायला लागणारा वेळ भराभर घटतो. हा वेळ दाटपणाच्या साधारण पंधराव्या ते तिसाव्या घाताने बदलतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे दाटपणात थोडी वाढ आणि वेळेत कित्येक पटींची घट. सर्वांत बारीक रक्तवाहिनीतून पार व्हायला पेशीला जवळपास एक सेकंद लागतो. त्याआधी काड्या झाल्या नाहीत तर पेशी निभावून जाते. झाल्या तर ती विळ्याच्या आकाराची होऊन अडकते, मागच्या अडकतात, आणि तिथलं हाड कळा देऊ लागतं.

डॉक्टरसाहेबांनी वेदनेवर औषध दिलं आणि सलाईन मोजून सुरू केली. मोजून, कारण जास्त पाणीही फुप्फुसांवर येतं. मुलाचा काका म्हणाला, “पानीच पायजे तं पानीच द्या ना सुईतून.” प्रश्न रास्त आहे. त्याला सकाळची डिस्टिल्ड वॉटरची नळी आणून दाखवली. साधं पाणी शिरेत गेलं तर जिथे शिरेल तिथल्या पेशी अशाच फुटतील, आणि फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन किडनीला झेपणार नाही. म्हणून शिरेतून जाणाऱ्या पाण्याला मिठाची किंवा साखरेची सोबत लागते. रक्ताची पिशवी लावताना त्याच नळीतून फक्त नॉर्मल सलाईन जाऊ देतात, तेही याच कारणाने. पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये पेशींचे गठ्ठे होतात आणि त्या फुटतात. रिंगर लॅक्टेट टाळण्याचं कारण वेगळं: त्यातल्या कॅल्शियममुळे पिशवीतलं रक्त गोठू शकतं. पोटातून मात्र साधं पाणी पाजता येतं. आतडं ते हळूहळू रक्तात मिसळतं आणि शरीर क्षारांचा हिशेब सांभाळत राहतं.

काकाचा पुढचा प्रश्न: “मंग याचं मीठ बंद करू?” नाही. जेवणात मीठ नेहमीसारखं असू द्या. अमेरिकेत रोझा, बन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये काही सिकलसेल रुग्णांच्या रक्तातलं सोडियम मुद्दाम कमी केलं होतं, म्हणजे पेशींत पाणी जाईल आणि हिमोग्लोबिन पातळ होईल. कळा कमी झाल्या. पण सोडियम इतकं खाली ठेवणं धोक्याचं आणि रोज सतत नजर ठेवून करावं लागणारं काम होतं, म्हणून तो उपचार रुळला नाही. त्यातून मिळालेला धडा मात्र पक्का आहे: पेशीतलं पाणी टिकलं पाहिजे. आज त्यासाठी हायड्रॉक्सियुरियाची गोळी नियमित घेणं, पाणी पिणं आणि ऊन-धग टाळणं, हे घरच्या हातात आहे.

दुपारी ३:३०

लघवीचे नमुने. यातला एक सकाळचा पहिला, सात वर्षांच्या मुलाचा. रात्रभर साठलेली लघवी दाट असायला हवी. निरोगी मुलात तिची विशिष्ट घनता १.०२० च्या वर सहज जाते. याची १.०१० आहे, रंग पाण्यासारखा. मायक्रोस्कोपखाली थोड्या लाल पेशी दिसतात, त्याही फुगून फिक्या झालेल्या, नुसत्या कडा उरलेल्या. दाट लघवीत त्याच पेशी काटेरी होतात. नमुन्याचं खारेपण पेशींच्या आकारावरूनही वाचता येतं.

मुलगा सिकलसेलग्रस्त आहे. आईला आत बोलावलं. तिनं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग म्हणाली, “पोट्टं रोज गादी वली करते. मारून पाह्यलं, समजावून पाह्यलं. आता दिवस बुडला का पानीच देत नाई त्याले.”

हे ऐकलं की माझ्या पोटात कालवतं, आणि हे मी पुन्हा पुन्हा ऐकते. मुलगा आळशी नाही, हट्टीही नाही. किडनीचा आतला गाभा हा शरीरातला सर्वांत खारट भाग. रक्ताचा दाटपणा २९० मिलिऑस्मोलच्या आसपास असतो, तिथे तो १२०० पर्यंत जातो. त्या खारेपणाच्या जोरावरच किडनी लघवीतून पाणी परत ओढून घेते. पण तिथून जाणाऱ्या लाल पेशींचंही पाणी ओढलं जातं. शिवाय तिथे ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त. सिकल हिमोग्लोबिनला काड्या करायला लागतं ते सगळं तिथे एकत्र आहे. पेशी वाकतात, बारीक वाहिन्या बुजतात, आणि किडनीची पाणी राखून ठेवायची ताकद लहानपणीच जाते. म्हणून मुलाला लघवी जास्त, आणि रात्रीही होते. संध्याकाळपासून पाणी बंद केलं तरी किडनी पाणी सोडतच राहते. मग पहाटे रक्त दाट होतं आणि कळा सुरू होतात.

हे सगळं तिला या शब्दांत सांगितलं नाही. तिला तीन गोष्टी सांगितल्या. मुलाला पाणी देत राहायचं, रात्रीसुद्धा. झोपताना आणि मध्यरात्री एकदा उठवून लघवीला न्यायचं. आणि मारायचं नाही, कारण हे त्याच्या हातात नाही. ती बराच वेळ मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, “शाळेत तं बाई एकच डाव सुटी देते.” डॉक्टरसाहेबांना सांगून शाळेसाठी पत्र मागवलं.

संध्याकाळी ५:३०

आशाताईंबरोबर गावात. मारुतीच्या पारावर वीस-पंचवीस माणसं जमली, बाया एका कडेला. मी सोबत तीन नळ्या आणि रेघांचा कागद नेते. नळ्यांत रक्त माझं स्वतःचं असतं. एकीत डिस्टिल्ड वॉटर, एकीत सलाईन, एकीत तीन टक्के मिठाचं पाणी. पहिलीतून रेघ दिसते, बाकी दोन्हींतून दिसत नाही. मग सलाईनच्या आणि तीन टक्क्यांच्या नळीतले थेंब मायक्रोस्कोपखाली एकेकाला दाखवते: एकीत गोल चकत्या, दुसरीत सुकून काटे आलेल्या पेशी.

एक आजी बराच वेळ डोळा लावून बसल्या. म्हणाल्या, “कैरीच्या फोडीले मीठ लावलं का पानी सुटते, फोड सुकते. हे तसंच हाय.” मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. त्यांना सांगितलं, हो आजी, नियम तोच आहे.

मग ओआरएसचं पाकीट काढलं. त्यात २०.५ ग्रॅम पूड असते: २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट. एक लिटर पाण्यात टाकलं तर त्याचा दाटपणा २४५ मिलिऑस्मोल येतो, रक्तापेक्षा थोडा कमी, म्हणून पाणी आतड्यातून रक्तात सहज जातं. पुष्कळ घरांत पूर्ण पाकीट एका ग्लासात ढवळतात, ‘ताकद जास्त’ म्हणून. मग तेच द्रावण पाचपट दाट होतं आणि पाणी देण्याऐवजी आतड्यात पाणी ओढून घेतं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावण्यांत सलाईन अपुरी पडली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून पटकीच्या असंख्य रुग्णांना वाचवलं. ते द्रावण मोजून केलेलं होतं. म्हणून पाकीट आणि लिटरची बाटली एकत्रच दाखवते.

मागे चार-पाच पोरं उभी होती, पोलीस भरतीची तयारी करणारी. त्यातल्या एकाने विचारलं, वाहकाने पळावं का? पळावं. वाहकाला बहुधा कसलाही त्रास होत नाही. पण त्याच्याही किडनीची पाणी राखण्याची ताकद काही प्रमाणात कमी असू शकते, आणि तापलेल्या उन्हात पाण्याविना जिवाच्या आकांताने धावल्यावर वाहकांचे जीव गेल्याच्या घटना लष्करी प्रशिक्षणात नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून पहाटे धावा, हळूहळू वाढवा, मध्ये पाणी प्या, अंग दुखू लागलं तर थांबा.

एका बाईनं हळूच सांगितलं ते सर्वांत महत्त्वाचं होतं. शेतावर जाताना बाया पाणी पीतच नाहीत, कारण आडोसा नाही. शाळेतल्या मुलीही तसंच करतात. त्यातच उन्हाळ्यात पाण्याचा टँकर कधी येईल याचा नेम नसतो, घरात जे असतं ते आधी गुरांना आणि पुरुषांना. सिकलसेलच्या घरात पाण्याचा पहिला हंडा रुग्णाचा, असं मी सांगितलं. आशाताई म्हणाल्या, “शाळेच्या संडासाचं मी ग्रामपंचायतीत मांडते.” तिथेच दोन बायांनी सोबत यायचं कबूल केलं.

रात्री ८:००

परत आल्यावर नळ्या ब्लीचमध्ये, सुया सुईच्या डब्यात, टेबल पुसून घेतलं, नोंदवही भरली. नववीतल्या मुलीचा नमुना आणि गरोदर बाईचा नमुना उद्याच्या गाडीने जातील. वॉर्डातल्या मुलाच्या कळा कमी झाल्याचं सिस्टरनी सांगितलं.

चाचणीचा निकाल लिहिला की तंत्रज्ञाचं काम संपलं, असं मला कधीच पटलं नाही. नळीत जे घडतं ते शरीरातही घडतं, आणि ज्याच्या शरीरात घडतं त्याला ते कळायलाच हवं. माणूस उगाच गादी ओली करत नाही, उगाच पाणी मागत नाही, उगाच कामाला नाही म्हणत नाही. त्यामागे पेशीची गरज असते, हे एकदा नळीतून दिसलं की आई मारायची थांबते, काका पाण्याचा दुसरा कॅन शेतावर नेतो.

शाळेचं पत्र डॉक्टरसाहेबांच्या सहीसाठी टेबलावर ठेवलं आहे. त्यात लिहिलंय: या विद्यार्थ्याला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, तासाच्या मध्येही पाणी पिऊ द्यावं, मागेल तेव्हा लघवीला जाऊ द्यावं, उन्हात कवायत करायला लावू नये. उद्या सही झाली की आशाताई ते मुख्याध्यापकांच्या हातात देतील. आणि वर्गशिक्षिकांनी कारण विचारलं, तर मी तीन नळ्या घेऊन शाळेत जाईन.